अरण्य, एकटेपणा आणि सोबतीचा कुत्रा

मराठीतील प्रवासवर्णने ओळीने वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. आपला प्रवासी सहसा एकटा नसतो. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे चुलत्यांसमवेत घरून निघाले होते, आणि १८८३ मध्ये लिहिलेल्या व १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मधील भीती, भूक आणि हाती आलेले द्रव्य पुन्हा जाण्याचे दुःख ही सारी दोघांची आहेत. काकासाहेब कालेलकर हिमालयात हिंडले ते सोबत्यांसह. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तील विनोदाचा बराच भाग पतिपत्नींच्या जोडीने केलेल्या प्रवासावर उभा आहे. यात उणे काढण्याजोगे काही नाही. सोबती असला म्हणजे संवाद येतो, मतभेद येतो, एकाने पाहिलेले दुसऱ्याने खोडून काढण्याची सोय होते. गद्य हलते राहते. अडचण उभी राहते ती सोबती नसतो तेव्हा, आणि त्यातही प्रवास अरण्यातला असतो तेव्हा. गावातून जाणाऱ्या एकट्या माणसास निदान वाट विचारावी लागते. रानात ती गरजही उरत नाही.

अशा वेळी लेखकाच्या हातून सामान्यतः दोन गोष्टी घडतात. एक तर तो उद्गार काढू लागतो, किंवा मग प्रवचन करू लागतो. या दोन्ही रोगांची लागण किती लवकर होते ते आम्हां शाळामास्तरांस चांगले ठाऊक आहे. सुरतेहून डांगच्या जंगलात मुलांची सहल नेण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. वघई, आहवा, सापुतारा असे फिरून आल्यावर मुले निबंध लिहितात आणि त्या सर्व निबंधांतून निसर्ग मुक्तहस्ताने उधळण करीत असतो, मन प्रसन्नतेने भरून जात असते, आणि शेवटी वृक्षांपासून परोपकाराचा धडा घेतला जात असतो. साग कसा दिसतो हे चाळीस वह्यांतून एकदाही आढळत नाही. एका मुलाने मात्र एके वर्षी लिहिले होते की, मुक्कामाच्या जागी एक कुत्रे आले, त्यास त्याने आपल्या डब्यातील पोळी दिली, आणि पुढे दिवसभर ते कुत्रे सागाच्या वाळलेल्या पानांतून चालताना इतका आवाज करीत होते की पक्षी उडून जात. त्या एका वाक्यात सागाचे रान होते. शिशिरात सागाची पाने गळतात, ती थाळ्याएवढी असतात, वाळली की पायाखाली कडकडतात, हे सारे त्या कुत्र्याच्या चार पायांनी सांगून टाकले होते. मुलाने ते पाहिले, कारण त्या वेळी तो निसर्ग पाहत नव्हता, कुत्रे पाहत होता.

जॉन स्टाइनबेक यांचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक नुकतेच आम्ही पुन्हा वाचले तेव्हा ही वही आठवली. ग्रंथकार मराठी वाचकांस अपरिचित नाही. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (१९३९) या कादंबरीचा हा कर्ता १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रकृती ठीक नसता आपला देश पुन्हा एकदा पाहावा म्हणून न्यूयॉर्कजवळच्या घरून निघाला. त्याने एक मालमोटार घेतली होती, तिच्या पाठीवर बिछाना, चूल आणि टेबल असलेली लाकडी खोली बसवून घेतली होती, आणि डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव तिला दिले होते: रोसिनान्ते. सोबतीस चार्ली नावाचा दहा वर्षांचा पूडल जातीचा कुत्रा. हा कुत्रा फ्रान्समध्ये जन्मलेला, म्हणून फ्रेंच आज्ञा त्यास लवकर कळत. सुमारे दहा हजार मैलांचा फेरा करून दोघे परत आले. पुस्तक १९६२ च्या उन्हाळ्यात निघाले आणि त्याच वर्षी लेखकास नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकाचे यश त्या पारितोषिकावर अवलंबून नव्हते. ते चार्लीवर होते.

या पुस्तकातील रेडवूड वृक्षांचे प्रकरण हा आमच्या विवेचनाचा मुख्य विषय आहे. रेडवूड हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनच्या दक्षिण टोकापासून कॅलिफोर्नियाच्या मध्यापर्यंत, समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात वाढणारा सूचिपर्णी वृक्ष होय. कित्येकांचे वय दोन हजार वर्षांच्या पलीकडे जाते. २००६ मध्ये आढळलेला हायपेरियन नावाचा वृक्ष एकशे पंधरा मीटरांहून उंच असून आज माहीत असलेल्या जिवंत वृक्षांत तो सर्वांत उंच आहे. माणसाने करवती लावण्यापूर्वी होते त्यांतील जुने अरण्य आता शेकडा पाचच्या आसपास उरले आहे. अशा विषयापुढे लेखकाची लेखणी दबून जावी यात नवल नाही, आणि स्टाइनबेकची लेखणीही प्रथम दबते. झाडांखालचा काळोख, त्या काळोखातील शांतता, रोमन सत्ताधीशांच्या काळी हीच झाडे उभी होती हा विचार, नास्तिक मनुष्याचाही आवाज तेथे आपोआप खाली येतो हे निरीक्षण, हे सारे क्रमाने येते. त्याच्या स्वतःच्या मुलखात एका नव्याने आलेल्या धनिकाने असे एक झाडांचे राखण विकत घेऊन तोडले आणि विकले, तेव्हा लोकांस ते झाडे तोडणे न वाटता हत्या वाटली, ही हकीकतही येते. लिखाण चांगले आहे. परंतु आणखी दोन पाने ते असेच चालले असते तर ते एखाद्या उत्तम धर्मोपदेशकाचे झाले असते.

तेथे चार्ली येतो. स्टाइनबेकच्या मनात एक कल्पना शिरते. शहराच्या आसपास वाढलेल्या कुत्र्याने आजवर जी झाडे आपल्या श्वानविधीने पावन केली ती किरकोळ होती. आता त्यास सर्व वृक्षांचा पितामह दाखवावा. त्या दर्शनाने त्याच्या चित्तावर काय परिणाम होईल, तो इतर कुत्र्यांत बसण्याउठण्यास अयोग्य तर ठरणार नाही ना, की घरी परतल्यावर तेच तेच सांगून सर्वांस कंटाळा आणील, अशी मिस्किल चिंताही तो करतो. मग एका महाकाय वृक्षापुढे तो चार्लीस उतरवितो. आणि चार्ली त्या वृक्षाकडे लक्षही देत नाही. तो जवळच्या एका झुडपाकडे वळतो. लेखक त्याची मान धरून त्यास वर पाहावयास लावतो, त्याचे नाक बुंध्यास लावतो, व्यर्थ. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की कुत्रे वर पाहत नाही. आणि ज्याची फांदी नाकाच्या उंचीवर नाही, ज्याची साल भिंतीसारखी आहे, त्यास तो झाड म्हणून ओळखणारच कसा? शेवटी लेखक कुऱ्हाड घेऊन ओढ्याकाठच्या वाळुंजाची एक हिरवी फांदी तोडून आणतो आणि तिचे टोक जमिनीत अशा रीतीने रोवतो की तिची पाने त्या वृक्षराजाच्या बुंध्यास टेकावीत. चार्ली येतो, पाने हुंगतो, अंतर आणि दिशा यांचा विचार करतो आणि आपले कर्तव्य बजावतो.

हा प्रसंग केवळ विनोदी म्हणून बाजूस सारणे चूक होईल. रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर येथे अद्भुताला हास्याने छेद दिला असे कोणी म्हणेल. आमच्या मते घडले आहे ते याहून निराळे. चार्लीच्या नाकामुळे रेडवूडचे मोठेपण प्रथमच खरेखुरे कळते. एकशे दहा मीटर या आकड्याने जे कळत नाही ते, ही वस्तू इतकी मोठी आहे की कुत्र्यास ती झाड वाटतच नाही, या एका गोष्टीने कळते. आधीच्या पानांतील उद्गार लेखकाचे आहेत. हे माप मात्र दुसऱ्या एका जीवाचे आहे आणि त्या जीवाला वाङ्मयाशी काही कर्तव्य नाही. अरण्यात एकट्याने गेलेल्या लेखकाला नेमका असाच कोणी हवा असतो: सोबत करील, पण होकार भरणार नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ही युक्ती फार पूर्वी ओळखली होती. १८७८ च्या शरदात फ्रान्सच्या सेव्हेन्स डोंगरांतून तो बारा दिवस चालला तेव्हा त्याच्यासोबत मोदेस्तीन नावाची गाढवी होती, आणि पुढल्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकात डोंगरांपेक्षा गाढवीच्या चालीचे वर्णन अधिक आहे. तो आपल्या गतीने चालू शकत नाही, तिच्या गतीने चालतो. म्हणून त्याला रस्ता दिसतो. प्रवास संपल्यावर तो तिला विकतो आणि मग त्याला रडू येते. मात्र मोदेस्तीन ही ओझ्याची जनावर होती, चार्ली हा सोबती आहे. वाटेत त्याच्या मूत्रमार्गाच्या दुखण्याने लेखक जितका कासावीस होतो, आणि त्याला बेपर्वाईने हाताळणाऱ्या एका पशुवैद्यावर जितका संतापतो, तितका तो साऱ्या अमेरिकेतील कोणत्याही माणसासाठी होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. कुत्र्याला सोबत घेऊन निघालेला पहिला प्रवासी आपलाच आहे. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे चालू लागले तेव्हा एक कुत्रे त्यांच्या मागे लागले. द्रौपदी पडली, चौघे भाऊ एकामागून एक पडले, आणि अखेर युधिष्ठिर व ते कुत्रे एवढेच उरले. इंद्राने रथ आणला, कुत्र्यास स्वर्गात प्रवेश नाही असे सांगितले, आणि युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. जगाच्या वाङ्मयात याहून मोठा एकटा प्रवास नाही आणि याहून मोठी सोबत नाही. पण पुढे काय होते? ते कुत्रे म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म ठरतो. नीतीच्या दृष्टीने हा शेवट परिपूर्ण असेल; परंतु वाङ्मयाचा एक वाचक म्हणून आम्हांस नेहमी वाटत आले आहे की त्या क्षणी कुत्रे नाहीसे होते आणि आपण त्याविषयी हळहळतदेखील नाही. इतका वेळ बर्फातून चाललेले, थकलेले, भुकेले ते जनावर कधी नव्हतेच असे आपणांस सांगण्यात येते, आणि आपण आनंदाने मान डोलवितो.

पुढे आपल्या परंपरेत हेच वळण पडले. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री आहेत, ती चार वेद होत. खंडोबाचे कुत्रे आहे, त्याच्या निमित्ताने वाघ्यांनी भुंकावयाचे असते. नामदेवांची भाकरी घेऊन कुत्रे पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा लहानपणी कोणी ऐकली नाही? पण त्या कथेतही कुत्रे विठ्ठलच असते. जे देव नसते ते शिवी असते. हाल कुत्रा खात नाही, शेपूट नळीत घातले तरी वाकडे, असले वाक्प्रचार आठवून पाहावेत. अगदी अलीकडे विनोदी लेखकांनी, विशेषतः पु. लं.नी, पाळीव प्राण्यांस मराठी घरात आणले, ते पुष्कळसे त्यांच्या मालकांची थट्टा करण्यासाठी. म्हणजे आमच्या वाङ्मयात कुत्रे एक तर वंद्य आहे, नाही तर निंद्य, नाही तर हास्यास्पद. रस्त्याने आपल्याबरोबर चालणारे, आपल्याला न विचारता थांबणारे, आपण पाहतो त्याहून निराळे काही पाहणारे कुत्रे त्यात फारसे नाही. याचे कारण मराठी मनुष्य निर्दय आहे हे नव्हे. दिसणाऱ्या वस्तूच्या मागे काहीतरी असलेच पाहिजे, आणि ते मागचे पुढच्याहून मोठे असले पाहिजे, या आमच्या वाचनाच्या सवयीत त्याचे कारण आहे.

मोठ्या झाडाच्या बाबतीतही ही सवय पाहता येते, आणि त्यासाठी सुरतेच्या रहिवाशास अमेरिकेत जाण्याची जरुरी नाही. येथून उत्तरेस भरूचजवळ नर्मदेच्या बेटात कबीरवड आहे. जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या इंग्रज नोकराने १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याचे माप दिले आहे: मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे दोन हजार फूट, मोठी खोडे साडेतीनशे, लहान तीन हजारांहून अधिक, आणि सात हजार माणसे त्याच्या सावलीत विसावू शकतील एवढा विस्तार. काही भाग नदीच्या पुरांनी नेला होता तो निराळाच. याच वडावर सुरतेचा कवी नर्मद (१८३३ ते १८८६) याने लिहिलेली कविता गुजरातेत शाळकरी मुलांस परिचित आहे. दुरून धुक्यात तो वड डोंगरासारखा भासतो येथून तिची सुरुवात होते. कविता थोर आहे. तथापि आमचे मन फोर्ब्सच्या सात हजार माणसांकडे अधिक ओढ घेते. रेडवूड वर जातो आणि माणसाला एकटे पाडतो. वड पसरतो आणि त्याच्याखाली यात्रा भरते, सैन्ये उतरतात, दुकाने लागतात. ज्या देशातला महावृक्ष असा आहे त्या देशात अरण्यातील एकटेपणावरचे वाङ्मय थोडे असावे यात आश्चर्य ते कोणते? आमच्या वडाखाली कुत्रेही एकटे नसते. त्याच्या जातीचे पन्नास तेथे असतात.

येथवर आम्ही स्टाइनबेकच्या बाजूने बोलत आलो. आता त्याच्या विरुद्ध जी गोष्ट आहे ती मांडणे प्राप्त आहे, आणि ती लहान नाही. २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या अमेरिकन पत्रकाराने त्याच मार्गाने प्रवास केला, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेले मूळ हस्तलिखित पाहिले, पत्रे व तारखा जुळविल्या, आणि असे दाखविले की हा एकट्याचा प्रवास फारसा एकट्याचा नव्हता. त्याच्या हिशेबाप्रमाणे सुमारे पंचाहत्तर दिवसांपैकी पंचेचाळीस दिवस लेखकाची पत्नी एलेन त्याच्यासमवेत होती, आणि उरलेल्यांतील कितीतरी रात्री वाटेवरच्या निवासांत किंवा स्नेह्यांच्या आवारात गेल्या. पुस्तकात एलेन शिकागोस व टेक्ससमध्ये भेटते एवढेच आहे. पण सिॲटलपासून खाली कॅलिफोर्नियापर्यंत ती बरोबर होती, आणि पहिल्या मसुद्यात असलेला तिचा उल्लेख छापताना गेला. म्हणजे रेडवूडांच्या अरण्यात, त्या काळोखात, त्या शांततेत, चार्लीच्या नाकाची ती परीक्षा चालू असता एलेन जवळपास होती. प्रकाशकांनी पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत, १९१२ नव्हे २०१२ साली, हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये अशा अर्थाची सूचना प्रस्तावनेत घातली. पन्नास वर्षे उशिरा का होईना, घातली.

यावर कोणी म्हणेल, कलाकृतीस सत्यतेचा दाखला कशास मागावा? चांगले लिहिले आहे ना, मग एलेन असो वा नसो. आम्हांस हे मान्य नाही. कादंबरीकार आपल्याला जे सांगतो ते खोटे असल्याचे आपण आरंभीच जाणतो आणि तसे जाणूनच त्याच्याबरोबर जातो. प्रवासवर्णनाचा लेखक मात्र 'मी गेलो, मी पाहिले' या बोलीवर आपला विश्वास उसना घेतो. त्या विश्वासावर त्याची साधी वाक्येदेखील मोठी होतात. रात्री झाडांखाली एकट्याने बसलो होतो, हे वाक्य कादंबरीत सामान्य आहे. प्रवासवर्णनात त्याची किंमत वाढते, कारण ती रात्र कोणीतरी भोगलेली असते. एलेनला वगळल्याने एका बाईवर अन्याय झाला तो झालाच, पण त्याखेरीज वाङ्मयीन नुकसानही झाले. चार्लीशी लेखकाचे जे बोलणे चालते ते, दुसरे कोणी बोलावयास नाही म्हणून चालते, असे आपण समजतो. तेथे पत्नी असती तर ते बोलणे लाडिक वाटले असते. लेखकालाही तसेच वाटले असावे. म्हणून तर तिला गाळावे लागले. आमची तक्रार एवढीच की ज्या प्रकरणात त्याने आपले उद्गार कुत्र्याच्या नाकाकडून तपासून घेतले, त्याच प्रकरणात आपल्या एकटेपणास त्याने तपासणीवाचून जाऊ दिले.

या ठिकाणी गो. नी. दांडेकर यांची आठवण अपरिहार्य होते. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमा स्वतः पायी केली. नदी उजव्या हातास ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचे नाही, सदावर्तावर व भिक्षेवर राहावयाचे, शूलपाणीच्या झाडीत लुटले गेलो तरी पुढेच चालावयाचे आणि सागरसंगमाशी नावेत बसून समुद्रमार्गे पैलतीर गाठावयाचा, हा जो नियम तो त्यांच्या पायांना माहीत होता. एवढा अनुभव गाठीशी असता 'मी' म्हणून छाती पुढे काढण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी १९५७ मध्ये त्या अनुभवाची कादंबरी केली आणि नाव दिले 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. या 'कुणा एका' शब्दात केवढा विनय आहे, आणि विनयाहूनही अधिक केवढा चोख व्यवहार आहे! जेथे कल्पनेने भर घातली आहे तेथे वाचकाकडून वस्तुस्थितीचा भाव घ्यावयाचा नाही, हा तो व्यवहार. अमेरिकन लेखकाने अर्ध्या कादंबरीस प्रवासवर्णन म्हटले. मराठी लेखकाने पायी चाललेल्या प्रवासास कादंबरी म्हटले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर कोणाचे पारडे कोणत्या बाबतीत जड आहे याबद्दल आम्हांस शंका राहत नाही. दांडेकर अधिक प्रामाणिक आहेत. पण हेही म्हटले पाहिजे की त्यांच्या रानात चार्ली नाही. परिक्रमावासी एकटा असला तरी नर्मदामाई अखंड त्याच्या उजव्या हातास आहे. तो वाकडे पडला तर ती सांभाळते, थकला तर ती बोलते. भक्तीचे हे गद्य ऐकावयास गोड आहे. त्यात खंड पाडणारे, भलत्याच झुडपाकडे वळणारे कोणी नाही, हीच त्याची मर्यादा.

तसे कोणी मराठीत मुळीच आले नाही असे मात्र नव्हे. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'नागझिरा' (१९७९) हे पुस्तक पाहावे. पूर्वाश्रमी शिकारी असलेला हा लेखक विदर्भातील त्या रानात मुक्काम करतो, तो देव शोधण्यासाठी नव्हे, प्राणी पाहण्यासाठी. चित्रकाराचा डोळा असल्यामुळे तो वाक्ये लहान ठेवतो. काय दिसले ते सांगतो आणि थांबतो. त्याला कुत्र्याची गरज पडत नाही, कारण पाणवठ्यावर येणारे प्रत्येक जनावर त्याच्यापुरते चार्लीचे काम करते. त्यांतले एकही त्याच्या भावनांस साथ देण्यास बांधलेले नाही. मारुती चितमपल्लींजवळ रानाची माहिती आणि रानाची भाषा यांचा ठेवा याहून मोठा होता, पण ते मोहून जातात आणि आपणांसही मोहवितात. माडगूळकर मोहून जात नाहीत. आणि एक उदाहरण असे की जे मराठी म्हणावे की गुजराती याचा निर्णय आम्ही सुरतेत राहून करू इच्छीत नाही. साताऱ्यास जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी साबरमतीच्या तुरुंगातील दिवसांवर 'ओतराती दीवालो' हे छोटे गुजराती पुस्तक लिहिले. तेथे अरण्य नव्हते, चार भिंती होत्या. पण सक्तीचा एकांत होता, आणि त्या एकांतात मुंग्या, खारी, पक्षी यांचे येणेजाणे होते. हिमालयातील कालेलकर संस्कृतीविषयी बोलतात. तुरुंगातील कालेलकर मुंग्यांविषयी बोलतात, आणि आम्हांस ते अधिक जवळचे वाटतात.

कुत्रे घेऊन रानात जाण्याचा प्रयोग आज कोणी करू म्हणेल तर त्यास वाट राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. रेडवूडांच्या ज्या अरण्यात १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेथील बहुतेक पायवाटांवर आता कुत्र्यांस मज्जाव आहे. आपल्याकडील अभयारण्यांतही पाळीव कुत्रे बरोबर नेता येत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे; २०१८ मध्ये गीरच्या जंगलात जे तेवीस सिंह थोड्या दिवसांत मेले त्यांतील कित्येकांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. चार्लीचा तो विधी आज दंडास पात्र ठरेल.

तरीही हे प्रकरण मराठी वाचकाच्या हाती द्यावे असे आम्हांस वाटते, निदान महाविद्यालयीन वेच्यांत तरी. भाषांतर करणाऱ्यास दोन जागी अडखळावे लागेल. 'एकटा', 'एकाकी' आणि 'एकांतात' हे तीन शब्द आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, आणि स्टाइनबेकच्या त्या रात्रीस यांतला कोणता शब्द लावावा हे, एलेन कोठे होती ते कळल्यावर, सोपे राहिलेले नाही. आम्ही 'एकांतात' हा शब्द निवडू, कारण एकांत दोघांचाही असू शकतो. दुसरी अडचण चार्लीस हाक कशी मारावी याची. मराठीत त्यास 'अहो' म्हटले तर थट्टा होते, 'बाळा' म्हटले तर लाड होतो. साधे 'अरे' पुरे आहे. तळटीप एकच घालावी: या प्रवासाच्या या टप्प्यात लेखकाची पत्नी समवेत होती. कुत्र्याबद्दल टीप देण्याचे कारण नाही. तो तेथे होता, आणि झुडपाकडेच गेला होता.